रुळणं कुणाच्या हातात?

झोटवाड्याहून जयपूर शहरात जायचं तर पानीपेच ओलांडल्यावर कलेक्टरेट सर्कल लागतं आणि तिथून थोडं पुढं सिंधी कॅम्प. हे शेवटचं नाव आम्ही झोटवाड्यातली माणसं दिवसातून कितीदा तरी घेतो. दिल्लीची बस, बिकानेरची बस, सगळ्यांचा थांबा तोच. मेट्रोचं स्टेशनही त्याच नावाचं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची छावणी तिथं होती. छावणी केव्हाच उठली, नाव मात्र राहिलं. आज तिथं उतरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्या नावामागची माणसं आठवत असतील.

त्या आधीचा थांबा कलेक्टरेटचा. पाकिस्तानातून आलेल्या हिंदू आणि इतर अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचा अधिकार केंद्र सरकारने २०१६ मध्ये देशातल्या ज्या मोजक्या जिल्हाधिकाऱ्यांना दिला, त्यात राजस्थानचे जोधपूर, जैसलमेर आणि जयपूर हे तीन जिल्हे होते. म्हणजे सिंधमधून आलेल्या एका पिढीचं येणं आता एका बसस्टँडचं नाव होऊन बसलं आहे, आणि त्याच सिंधमधून मागाहून आलेल्यांचं येणं शेजारच्या कचेरीत अजून फायलीत आहे. अंतर चालत जाण्याएवढं. या दोन थांब्यांमधून जाताना मला नेहमी वाटतं की परक्या देशात रुळण्याबद्दल आपण फार एकांगी बोलतो. माणूस कष्टाळू होता, मनमिळाऊ होता, म्हणून रुळला. कुढत बसला, म्हणून नाही रुळला. जणू रुळणं हा आलेल्याच्या स्वभावाचा गुण आहे. मराठीतली परदेशवासाची बरीचशी वर्णनं या सुरात लिहिलेली आहेत. मला तसं वाटत नाही. रोजचं आयुष्य किती लवकर सुरळीत होतं हे मुख्यतः यजमान देशाच्या कारभारावर ठरतं, आणि आलेल्याच्या जिद्दीचा वाटा त्यानंतर येतो. मराठी माणसांच्या जवळची जी उदाहरणं आहेत, ती एकत्र ठेवून पाहिली तर हेच दिसतं.

मी स्वतः देश बदललेला नाही. सांगलीकडून लग्न होऊन इथं आले. हजारावर किलोमीटरचं अंतर, उन्हाळ्यात अंग भाजणारी लू, हिवाळ्यात बादलीत हात घालवत नाही असं पाणी, ज्वारीच्या जागी बाजरी, आणि शेजारणीचं ढूंढाडीतलं ‘थे कठै का छो?’. पहिल्या वर्षी या प्रश्नाचा मला रागही यायचा. पण रेशनकार्डावर नाव चढलं, मतदारयादीत चढलं, बँकेत खातं उघडलं, आणि ‘तुम्ही इथं राहू शकता का’ असं कुणी एकदाही विचारलं नाही. सिंधमधल्या खोखरापारहून राजस्थानातलं मुनाबाव काही किलोमीटरवर आहे. तिकडून येणाऱ्याची बोली इथल्या बोलीला माझ्या मराठीपेक्षा कितीतरी जवळची असते. जेवण तेच, लग्नातली गाणी तीच. तरीही मी रुळले आणि तो वर्षानुवर्षं अडकला, यात माझ्या स्वभावाचं कर्तृत्व ते काय?

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे जगात ३० कोटींहून अधिक माणसं जन्माच्या देशाबाहेर राहतात, आणि त्यांत सर्वांत मोठा गट भारतात जन्मलेल्यांचा आहे. एवढ्या माणसांच्या रुळण्याबद्दल बोलताना मात्र एका छोट्या अभ्यासाचा आधार घेतला जातो. १९५५ मध्ये स्वेरे लिसगोर या नॉर्वेच्या अभ्यासकाने अमेरिकेत शिष्यवृत्तीवर जाऊन परतलेल्या सुमारे २०० नॉर्वेजियनांशी बोलून एक निष्कर्ष काढला: आधी उत्साह, मग काही महिन्यांनी खोल उदासी, मग हळूहळू सावरणं. कॅलेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने त्याच सुमारास ‘कल्चर शॉक’ हा शब्द रूढ केला. ही उतरती-चढती रेघ आजही कंपन्यांच्या प्रशिक्षणात दाखवली जाते. तिच्यात तथ्य आहे. पहिल्या हिवाळ्याची उदासी कुणालाही विचारा. पण ज्यांच्यावरून ती काढली त्यांच्याकडे शिष्यवृत्ती होती, राहायला जागा होती आणि परतीची तारीख ठरलेली होती. कागद अडला आहे म्हणून ज्याची उदासी दहा वर्षं टिकते, त्याचा पत्ता त्या रेघेवर नाही.

पुढं जॉन बेरी या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने वेगळी मांडणी केली. आलेला माणूस आपलं जपून नव्यातही मिसळतो, आपलं सोडून मिसळतो, आपल्यातच राहतो किंवा दोन्हीकडून तुटतो. या चार वाटांपैकी पहिली सर्वांत निरोगी, असं तो म्हणतो. पण ती वाट यजमान समाज मोकळा असेल तरच उघडी राहते, हेही त्याने लिहून ठेवलं आहे. त्याचं हे दुसरं वाक्य फारसं कुणी उद्धृत करत नाही. मला तेच महत्त्वाचं वाटतं.

महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण कल्याणजवळ आहे. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेल्या पाच छावण्यांमध्ये फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांना आणून ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचं उल्हासनगर असं नामकरण झालं. बराकीत पडदे लावून केलेल्या खोल्या, नळावरची रांग, आणि ज्यांनी कधी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं त्या बायकांनी लाटलेले पापड. ते विकायला लोकलमध्ये चढलेली माणसं कराची-हैदराबादेत पेढीवर बसलेली होती. या कष्टांची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे आणि ती खरी आहे. तिच्या शेजारी दुसरी गोष्टही ठेवायला हवी. ही माणसं आली तेव्हा त्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न नव्या राज्यघटनेनेच सोडवला. मागं सुटलेल्या मालमत्तेच्या बदल्यात भरपाई देणारा कायदा १९५४ मध्ये झाला. गाव गमावलेली माणसं एकत्र वसवली गेली, म्हणून शाळा, महाविद्यालयं, मंदिरं आणि पतपेढ्या उभ्या करायला माणसं जवळच होती. व्यापार करायची परवानगी मागावी लागली नाही. ते धीराचे होते यात शंका नाही. पण त्यांच्या धीराला जमीन मिळाली होती.

जे मिळालं नाही तेही मोठं आहे. सिंध्यांना भाषावार राज्य नव्हतं. आठव्या परिशिष्टात सिंधीला जागा मिळाली ती १९६७ मध्ये. तोवर मुलं मराठी, हिंदी, इंग्रजी शाळांत गेली होती. घरातली जुनी पत्रं अरबी वळणाच्या लिपीत, नातवंडं देवनागरी आणि रोमन वाचणारी. आजोबांचं पत्र नातवाला वाचता न येणं, ही रुळण्याची किंमत किती मोठी आहे याचा हिशेब आपण कधी केला नाही. आणि आपल्या मराठी वस्त्यांनी त्यांना कितीतरी वर्षं ‘निर्वासित’ म्हटलं. उत्तरेत याच माणसांनी ‘शरणार्थी’ हा शब्द नाकारून स्वतःला ‘पुरुषार्थी’ म्हणवून घेतलं. शब्द बदलण्याची ही धडपड मला फार हलवते. माणूस घर बांधतो, दुकान टाकतो आणि तरी हाक कुठल्या नावाने येते यासाठी झगडावं लागतं.

आता मागाहून आलेले. १९६५ च्या आणि १९७१ च्या युद्धांनंतर थरपारकरमधून मोठ्या संख्येने कुटुंबं राजस्थानात आली. त्यानंतरही येणं थांबलं नाही. सोढा राजपूत, मेघवाल, भील. राजस्थानात त्यांना ‘पाक विस्थापित’ म्हणतात. १८ फेब्रुवारी २००६ रोजी जोधपूरच्या भगत की कोठीहून कराचीकडे जाणारी थार एक्स्प्रेस सुरू झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये बंद पडली. त्या गाडीने तीर्थयात्रेच्या व्हिसावर येऊन परत न गेलेले बरेच. सोढा राजपुतांमध्ये आपल्याच कुळात लग्न होत नाही, म्हणून सोयरीक सीमेपलीकडे करावी लागते. त्यांच्यासाठी ती गाडी मुलीच्या माहेराची वाट होती.

त्यांच्या रोजच्या अडचणी ऐकल्या की कळतं, भाषा आणि धर्म एक असूनही माणूस परका कसा राहतो. मुलाला सिंधी शाळेत अरबी वळणाची लिपी शिकवलेली. इथं तो हिंदी फाडफाड बोलतो, पण फळ्यावरचं वाचता येत नाही, म्हणून वयाने मोठा असून खालच्या वर्गात बसतो. व्हिसा ठरावीक ठिकाणापुरता असल्याने दुसऱ्या जिल्ह्यात मजुरीला जायचं तरी परवानगी. २०१६ मध्ये दीर्घ मुदतीच्या व्हिसावर असलेल्यांना बँक खातं, पॅन, आधार, वाहन परवाना आणि राहण्यापुरतं घर घेण्याची मुभा मिळाली, नोंदणीची फी हजारांवरून १०० रुपयांवर आली. हे पाऊल मोठं होतं. त्याआधी वर्षानुवर्षं घर दुसऱ्याच्या नावावर, वीज दुसऱ्याच्या नावावर, मोटारसायकलही दुसऱ्याच्या नावावर. आपली माणसं म्हणून ज्यांच्याकडे आलो त्यांच्याच उपकारात राहावं लागणं, यात नाती कशी कुजत असतील ते सांगायला नको. पाकिस्तानात शिकून आलेल्या डॉक्टरांना इथं परीक्षा देऊन व्यवसायाचा मार्ग २०२२ मध्ये खुला झाला; तोपर्यंत पदवी असलेली माणसं औषधांच्या दुकानात वगैरे कामं करत राहिली.

जोधपूरमध्ये सीमांत लोक संघटन या संस्थेमार्फत हिंदू सिंह सोढा हे या लोकांचं काम वर्षानुवर्षं करत आले आहेत. ते स्वतः १९७१ च्या सुमारास तिकडून आले. कुठला अर्ज, कुठली सही, पासपोर्टची मुदत संपली तर दिल्लीतल्या पाकिस्तानी उच्चायुक्तालयात काय करायचं, हे सांगणारं माणूस असणं हीच अशा जीवनातली पहिली सोय असते. सरकारी खिडकीवर ते काम कुणी करत नाही. मे २०२३ मध्ये जैसलमेरजवळच्या अमरसागरला अशा कुटुंबांची घरं अतिक्रमण म्हणून पाडली गेली. नंतर त्यांना दुसरीकडे जागा देण्यात आली. पण चार वर्षांनी उभी केलेली भिंत एका सकाळी पडताना जिने पाहिली, तिला ‘रुळा आता’ असं पुन्हा कुठल्या तोंडाने सांगायचं?

मराठीच्या दृष्टीने या सगळ्या प्रश्नाचं सर्वांत बोलकं उदाहरण मात्र इस्रायलमध्ये आहे. आश्चर्य वाटतं ते हे की आपल्या चर्चेत अमेरिका सतत येते, इस्रायल जवळजवळ नाही. कोकण किनाऱ्यावरचे ज्यू, बेने इस्राएल. परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले. तेलाचे घाणे चालवत, शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून ‘शनवार तेली’. आडनावं रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहिमकर. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडण सणाचा प्रार्थनाग्रंथ हगादा मराठी भाषांतरासह छापला गेला, १८७४ मध्ये पुण्यात दुसरा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी बायबलच्या कथांवर मराठी कीर्तनं रचली. इतकी मराठी झालेली ही माणसं १९४८ नंतर ‘आपल्या’ देशात निघाली. निर्वासित म्हणून नाही, कुणी हाकलून दिलं म्हणून नाही. इस्रायलच्या १९५० च्या परतीच्या कायद्याप्रमाणे तिथं येऊन कायमचं राहण्याचा त्यांना हक्क होता. कागदाची अडचण नाही. मग रुळणं सोपं असायला हवं होतं.

झालं उलटं. मुंबईत रेल्वेत, पोस्टात, गिरणीत, कचेऱ्यांत नोकऱ्या केलेली माणसं बीरशेबासारख्या वाळवंटी गावांत पाठवली गेली. राहायला तात्पुरत्या छावण्या, काम अंगमेहनतीचं. हिब्रू त्यांना प्रार्थनेपुरती वाचता येत होती. रस्त्यावरची, बाजारातली हिब्रू अगदी निराळी. पाव देतानाही रंग पाहून काळा आणि पांढरा असा भेद होतो, हे त्यांच्या गाऱ्हाण्यांतलं एक. नोव्हेंबर १९५१ पासून काहींनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं आणि मागितलं काय, तर भारतात परत पाठवा. १९५२ मध्ये शंभराहून अधिक जणांना विमानाने मुंबईला परत आणलं गेलं. त्यांतले पुष्कळ नंतर पुन्हा इस्रायलला गेले. ही जा-ये मला फार बोलकी वाटते. आईवडिलांच्या घरी अपमान झाला म्हणून निघून जाणारा आणि पुन्हा त्याच दारात येणारा माणूस असतो, तसं.

पण त्याहून मोठा आघात दहा वर्षांनी झाला, तेव्हा तर पहिली मुलं हिब्रू शाळांतून शिकून सैन्यात जाऊन आली होती. १९६२ मध्ये प्रमुख रब्बी इत्झाक निसीम यांनी विवाह नोंदवणाऱ्या रब्बींना सूचना दिल्या: बेने इस्राएल आणि इतर ज्यूंमधल्या लग्नाआधी त्यांच्या आईकडच्या पूर्वजांची चौकशी करावी, जितकं मागं जाता येईल तितकं. शंका अशी की शतकानुशतकं एकटं राहिलेल्या या समाजात घटस्फोट आणि विधवाविवाह धर्मशास्त्राप्रमाणे झाले नसतील. इस्रायलमध्ये लग्नाचा कायदा धर्मपीठाच्या हाती, त्यामुळे ही सूचना म्हणजे लग्न अडवणंच होतं. ज्यू राहण्यासाठी ते कोकणात दोन हजार वर्षं शनिवार पाळत आले, असं त्यांची परंपरा सांगते; आणि ज्यूंच्या देशात त्यांना ज्यू असल्याचा पुरावा मागितला गेला.

१९६४ च्या उन्हाळ्यात शेकडो बेने इस्राएल जेरुसलेमला जमले. धरणं, उपोषणं. मुंबईतल्या चळवळी पाहिलेल्या माणसांना सत्याग्रह शिकवावा लागला नाही. १७ ऑगस्ट १९६४ रोजी संसदेच्या खास बैठकीत बेने इस्राएल सर्व बाबतीत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत असा ठराव झाला. लेव्ही एश्कोल तेव्हा पंतप्रधान होते. महिनाअखेरीस धर्मपीठाने आपल्या सूचनेतला त्यांच्या नावाचा उल्लेख मागं घेतला. या घटनेपासूनच बेने इस्राएलांचं इस्रायलमधलं रुळणं खऱ्या अर्थाने सुरू झालं, असं माझं मत आहे. त्याआधीची सगळी वर्षं ते मिसळायची मेहनत करत होते आणि दुसरी बाजू मोजमाप घेत होती. भाषा शिकलो, सैन्यात गेलो, वाळवंटात राबलो, यांतलं काहीच पुरत नाही, जोवर समोरचा ‘चौकशी संपली’ असं म्हणत नाही.

एकदा ते म्हटलं गेल्यावर मराठीला किती जागा मिळाली पाहा. दिमोना, लोद, अश्दोद, येरुहाम इथं वस्त्या झाल्या. दिमोनाला लोक ‘लिटल इंडिया’ म्हणू लागले. तिथं मसाले मिळतात, साड्या मिळतात, हिंदी सिनेमाची गाणी लग्नात वाजतात. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक इस्रायलमधून निघत आलं. मलिदा टिकला: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं, आणि एलियाहू हनाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाहूचं, नाव. कोकणात त्याच्यासाठी अलिबागजवळच्या खंडाळ्याला जात, तिथल्या खडकावर त्याच्या रथाची खूण आहे अशी श्रद्धा. इस्रायलमध्ये ते हैफाला कार्मेल डोंगरातल्या एलियाहूच्या गुहेत जाऊ लागले. प्रेषित तोच, नवस तोच, फक्त डोंगर बदलला. घर हलवणं आणि घर मोडणं यांतला फरक मला यापेक्षा स्वच्छ कुठं दिसलेला नाही. आता तिकडची नातवंडं खंडाळ्याचा खडक पाहायला येतात. त्यांना मराठी येत नाही. आजीचा मलिदा मात्र ओळखता येतो.

मॉरिशसबद्दल थोडं. १८३४ पासून करारबद्ध मजूर तिकडे जाऊ लागले; मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, सातारा भागातले मराठी होते. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरले तो आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसा झाला. कारकुनाने बोललेलं नाव कानाला लागेल तसं लिहिलं आणि माणसाचं पाळण्यातलं नाव पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं. तिथल्या मराठी घरांतून बोलायची भाषा क्रिओल झाली, तरी कोकणातली जाखडी ‘झाकरी’ होऊन राहिली आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. एका छोट्या समाजाच्या सणाला अख्ख्या देशाने सुट्टी द्यावी, यात रुळण्याचं जे माप आहे ते कुठल्याही भाषणात नाही.

अमेरिकेकडे मराठी माणूस फार लवकर पाहू लागला. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये गेल्या तेव्हा नेमक्या याच रोजच्या गोष्टींशी त्यांची झुंज होती. नऊवारीत पाय उघडे पडतात, थंडी सोसत नाही, म्हणून गुजराती पद्धतीची साडी. शाकाहार. फिलाडेल्फियाच्या खोलीतली धूर सोडणारी शेगडी. त्यांना रोझेलमध्ये कार्पेंटरबाईंचं घर मिळालं, एक मायेचं माणूस मिळालं, म्हणून पहिले महिने निभले. ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टरकीची पदवी हाती आली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्या वारल्या. पंडिता रमाबाईंनी त्याच देशाच्या समाजजीवनावर १८८९ मध्ये मराठीत पुस्तक लिहिलं. तिथली घरं, कामं, संस्था कशा चालतात ते सांगणारं. गंमत अशी की तिकडची व्यवस्था समजून घेण्याची रमाबाईंची ही नजर पुढच्या प्रवासवर्णनांत हरवत गेली.

अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर तिकडे इंजिनीअर, डॉक्टर गेले, १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं, शनिवार-रविवारच्या मराठी शाळा निघाल्या. हा भाग सर्वांना ठाऊक आहे. कमी बोललं जातं ते रांगेबद्दल. नोकरीच्या आधारे कायमचं राहण्याचे परवाने वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार, त्यांत कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा. भारतीयांची रांग त्यामुळे दशकांची होते. घर विकत घेतलेलं, हिवाळे सवयीचे झालेले, मुलं तिथल्या खेळांत रमलेली, आणि नोकरी गेली तर ठरावीक दिवसांत देश सोडायचा. आईवडिलांच्या अर्जावर अवलंबून असलेलं मूल २१ वर्षांचं झालं की त्या अर्जातून बाहेर पडतं. नोकरदाराच्या जोडीदाराला, म्हणजे बहुतेक वेळा बायकोला, काम करायची मुभाच नव्हती. २०१५ पासून काही जणींना ती मिळाली. पुण्यात आठ वर्षं नोकरी केलेली बाई तिकडे स्वयंपाकघराच्या खिडकीतून बर्फ पाहत बसते, याला आपण ‘तिला तिकडे करमत नाही’ म्हणतो. करमत नाही कारण कायद्याने तिचं काम काढून घेतलेलं असतं.

आमच्या झोटवाड्यामागचा सीकर, झुंझुनू, चुरूचा शेखावाटी भाग पिढ्यानपिढ्या ‘दिसावर’ला जातो. पूर्वी कोलकाता-मुंबईला व्यापारासाठी, गेली काही दशकं आखातात मजुरीसाठी. तिथं वीस वर्षं राबूनही नागरिकत्वाची वाट नाही, आणि कफाला पद्धतीत मालकाच्या हाती मजुराचा परवाना राहत आला; अलीकडे कतार, सौदीने त्यात काही बदल केले. रुळण्याची अपेक्षाच कुणी ठेवत नाही. माणूस तिकडे जगतो आणि घर गावात बांधतो. दाराला कुलूप असलेली ती रंगीत घरं शेखावाटीत जागोजागी दिसतात.

हे सगळं आता का लिहावंसं वाटलं? २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक, अशी दहा हजार माणसं पाठवण्याची ती योजना. जर्मनीने २००५ पासून नव्याने येणाऱ्यांसाठी भाषा आणि देशाची ओळख असा अभ्यासक्रम चालवला आहे; आता त्यात ६०० तास भाषा आणि १०० तास ओळख असते. आलेल्याला शिकवणं ही सरकारची जबाबदारी आहे, हे त्यात मान्य केलेलं आहे, आणि ते मला मोलाचं वाटतं. २०२४ मध्ये तिथं नागरिकत्वासाठीची अट आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आली. आपल्या बाजूने मात्र सगळा भर भाषेच्या वर्गांवर आणि पगाराच्या आकड्यावर आहे. जाणाऱ्यांनी आणि पाठवणाऱ्यांनी त्याआधी विचारावं: जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करता येईल का? इथलं आयटीआयचं प्रमाणपत्र तिथं पूर्ण मानतील की अर्धं? मालक बदलला तर परवाना राहील का? रुग्णालयाने दिलेली खोली नोकरीबरोबर जाते का? चार-पाच जण एकाच गावात राहतील असं पाहिलं आहे का, की चाळीस गावांत एकेक? पहिल्या सोमवारी पत्त्याची नोंद करायला कचेरीत जाताना सोबत कोण असेल? उल्हासनगरपासून दिमोनापर्यंत सगळा अनुभव सांगतो की माणसं या प्रश्नांवर अडतात. जेवणाची चव आणि हवा यांची तक्रार ती कुठंही निभावून नेतात.

आणि तोच प्रश्न आपल्या दाराशीही आहे. नागरिकत्व दुरुस्ती कायदा डिसेंबर २०१९ मध्ये झाला, त्याचे नियम ११ मार्च २०२४ ला आले. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या बिगरमुस्लिम अल्पसंख्याकांसाठी देशीयीकरणाच्या मार्गातली अकरा वर्षांची वास्तव्याची अट त्याने पाचवर आणली. त्या तारखेनंतर आलेल्यांना ही सवलत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या अशा लोकांना वैध कागदांशिवाय राहिल्याबद्दलच्या कारवाईतून सूट दिली; म्हणजे राहता येईल, पण नागरिकत्वाची वाट जुनी, लांबचीच. २०१५ च्या जानेवारीत आईच्या कडेवर मुनाबावला उतरलेलं मूल आता शाळेत देवनागरी वाचतं, ढूंढाडीत भांडतं, वर्गात जनगणमन म्हणतं. शाळेच्या अर्जात राष्ट्रीयत्वाचा एक रकाना असतो. तिथं काय भरायचं हे विचारायला त्याची आई कलेक्टरेटच्या थांब्यावर उतरते.